मूळ अवयव पाडताना कुठंवर जायचं आणि कुठं थांबायचं

शिष्यवृत्तीला बसणारी पोरं असोत नाहीतर भरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करणारे गडी असोत, मूळ अवयव पाडायला सांगितलं की २, ३, ५ पर्यंत सगळे सुसाट जातात आणि त्यानंतर पेन थांबतं. मग कोण म्हणतं "आता ही संख्या मूळच असणार", कोण ४ नं बघतो, ६ नं बघतो, ८ नं बघतो आणि पाच मिनिटं घालवतो, आणि एखादा तर अख्खा पाढाच परत म्हणायला लागतो. खरं सांगायचं तर भागाकार बहुतेकांना येतो, अडतं ते दोनच गोष्टींवर, पुढची संख्या कुठली तपासायची आणि कुठं थांबायचं. कोल्हापुरात क्लासमध्ये वर्षानुवर्षं हेच बघत आलेय म्हणून इथं सगळं सविस्तर लिहितेय, वही-पेन घेऊन बसा आणि सोबत करत चला, नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

आधी एवढं पक्कं करा

ज्या संख्येला फक्त १ नं आणि स्वतःनंच भाग जातो ती मूळ संख्या. बाकीच्या संयुक्त. आणि संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडून लिहायची, म्हणजेच मूळ अवयव पाडायचे. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही, आणि पोरं इथंच विचारतात की १ ला का वगळलं, तर त्याचं कारण नीट सांगायला पाहिजे. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, तुम्ही कुठूनही सुरुवात करा, शेवटी तेच अवयव तितक्याच वेळा येणार. ६० घ्या, ६ × १० करून फोडा नाहीतर ४ × १५ करून फोडा, शेवटी २ × २ × ३ × ५ च येणार. आता १ ला मूळ मानलं तर ६० म्हणजे १ × २ × २ × ३ × ५ पण आणि १ × १ × १ × २ × २ × ३ × ५ पण, म्हणजे उत्तर एक राहतच नाही. ही "एकाच प्रकारे" वाली गोष्ट गाउसनं १८०१ साली नीट सिद्ध करून मांडली, आणि मसावि (महत्तम साधारण विभाजक), लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य), वर्गमूळ सगळं तिच्याच जिवावर उभं आहे. त्यामुळं उत्तरात १ लिहायचा नाही.

२ ही एकच सम मूळ संख्या. आणि १०० च्या आत एकूण २५ मूळ संख्या आहेत, त्या पाठच पाहिजेत, यात सवलत नाही:

२, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७

पाठ करायला अवघड वाटत असेल तर अशा काढा. १ ते १०० लिहा, १ खोडा, मग २, ३ आणि ५ या तीन संख्या ठेवून त्यांच्या पटीतल्या बाकीच्या सगळ्या खोडा (ही रीत एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक माणसाची, दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे). एवढं झाल्यावर जे उरतं त्यात मूळ नसलेल्या फक्त तीनच संख्या राहतात, ४९, ७७ आणि ९१. बस्स, तीनच. ४९ पाढ्यात असते म्हणून सगळ्यांना माहीत असते, ७७ बघितल्या बघितल्या कळते, राहिली ९१.

या ९१ नं किती पोरांचे मार्क खाल्लेत ते मला विचारा. पाचवीतलं पोरगं वही घेऊन येतं, "मॅडम, ९१ मूळच हाय की ओ, दोननं जाईना, तीननं जाईना, पाचनं जाईना."

"सातनं बघितलंस का?"

"सातचा पाढा सत्तरला संपतोय की."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चूक नेमकी कुठं होते ते त्यात दिसतं. पाढा दहापर्यंत म्हणायची सवय असल्यामुळं ७० च्या पलीकडं ७ जातच नाही असं पोराला आतून वाटत असतं. ५१, ५७, ८७ च्या बाबतीत पण तेच, या तिन्ही ३ नं जातात पण ३ चा पाढा ३० लाच संपलेला असतो ना. म्हणून पाढे तीसपर्यंत पाठ असलेल्या पोरांना हे लगेच दिसतं, त्यांच्या कानात "तेरा साते एक्क्याण्णव" बसलेलं असतं. ज्यांचे पाढे तीसपर्यंत नाहीत त्यांनी हे करावं, संख्येतून सोपी पट वजा करावी. ९१ मधून ७० काढा, २१ उरले, २१ ला ७ नं जातो, झालं काम. हीच पद्धत पुढं सगळीकडं कामाला येणार आहे.

मांडणी

शाळेत उभी मांडणी शिकवतात, तीच वापरा, परीक्षेत तिच्यात चूक कमी होते. डावीकडं मूळ संख्या, उजवीकडं आपली संख्या, खाली भागाकार. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची, तर १९६२ चेच पाडूया:

२ | १९६२
३ | ९८१
३ | ३२७
१०९ | १०९
  | १

म्हणजे १९६२ = २ × ३ × ३ × १०९. सगळ्यात लहान मूळ संख्येपासून सुरू करायचं आणि तीच संख्या जाईल तोवर परत परत लावायची, ३ एकदा गेला म्हणून लगेच ५ वर उडी मारायची नाही, इथं बघा ३ दोनदा गेला. आणि डावीकडं फक्त मूळ संख्याच. कधी कधी पोरं ९८१ ला थेट ९ नं भागतात, भागाकार बरोबरच येतो, १०९, पण मग उत्तरात ९ राहतो आणि ९ काय मूळ नाही. भागायचंच असेल तर भागा पण डावीकडं ३, ३ असं दोनदा लिहा.

दुसरी पद्धत झाडाची, संख्या दोन भागात फोडायची, परत प्रत्येक भाग फोडायचा. ३६०० सारखी गोल संख्या असेल तर ही लई भारी चालते, ३६ × १००, मग ६ × ६ आणि १० × १०, चार ओळींत विषय संपला. पण १९६२ सारख्या ठिकाणी फोडायचं कुठं हेच सुचत नाही, तिथं उभी मांडणी.

कसोट्या

२ आणि ५ वर वेळ घालवत नाही, शेवटचा अंक बघा, कळतंय.

३ साठी अंकांची बेरीज, तिला ३ नं गेला की संख्येला पण जातो. हे सगळे करतात पण असं का ते थोड्यांनाच माहीत असतं. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. त्यामुळं प्रत्येक अंकाचा ९ च्या पटीतला भाग बाजूला काढला की हातात नुसते अंक उरतात, आणि बाजूला काढलेल्या भागाला ३ नं जातोच. १९१७ घ्या, ज्या वर्षी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते वर्ष. १ + ९ + १ + ७ = १८, म्हणजे ३ नं जाणार आणि ९ नं पण जाणार. १९१७ ÷ ३ = ६३९, परत ३ नं २१३, परत ३ नं ७१, आणि ७१ आपल्या पाठ यादीत आहे. १९१७ = ३ × ३ × ३ × ७१. बघा, अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली म्हणून दोन ३ पक्के कळले होते, तिसरा ३ मात्र भागून बघितल्यावरच सापडला. म्हणून थांबायचं नाही, प्रत्येक भागाकाराची बेरीज परत करायची.

आता ७. इथं सगळ्यांची गाडी अडते. ट्रिक अशी, शेवटचा अंक उचला, दुप्पट करा, उरलेल्या संख्येतून वजा करा, येणाऱ्या उत्तराला ७ नं जात असेल तर आपल्या सुरुवातीच्या संख्येला पण जातो, ० आला तरी जातो. २०२३ बघा. शेवटचा ३, दुप्पट ६, २०२ − ६ = १९६. अजून मोठी वाटते तर परत करा, ६ ची दुप्पट १२, १९ − १२ = ७. जातो. २०२३ ÷ ७ = २८९, आणि २८९ म्हणजे १७ × १७. (११, १३, १७, १९ यांचे वर्ग तोंडपाठ ठेवा, १२१, १६९, २८९, ३६१, ही चार उत्तरं सारखी सारखी समोर येतात.)

११ साठी अंक एकाआड एक अधिक-वजा करत जायचं, उजवीकडून सुरुवात करून. २०२४ मध्ये ४ − २ + ० − २ = ०. शून्य आलं किंवा ११ ची पट आली की जातो. २०२४ = २ × २ × २ × ११ × २३.

१३ ला शेवटच्या अंकाची चौपट करून उरलेल्यात मिळवायची. १३९१ ला १३९ + ४ = १४३, परत १४ + १२ = २६, जातो, १३९१ = १३ × १०७. १७ ला शेवटच्या अंकाची पाचपट वजा करायची, १९ ला दुप्पट मिळवायची. या सगळ्या पाठ कराच असं मी म्हणणार नाही, कारण १३ च्या पुढं माझं मत असं झालंय की सरळ भागून बघणंच लवकर होतं, कसोटी आठवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात भागाकार होऊन जातो. ७ आणि ११ च्या मात्र यायलाच पाहिजेत.

अजून एक ट्रिक मला मनापासून आवडते, ती १००१ ची. ७ × ११ × १३ = १००१. हे एकदा कळलं की पाच-सहा अंकी संख्येला तिन्ही कसोट्या एकाच वजाबाकीत लागतात, शेवटच्या तीन अंकांच्या संख्येतून डावीकडं उरलेली संख्या वजा करायची (लहान असेल तर उलटं करा), आणि जे येईल त्याला ७, ११, १३ नं बघायचं. खाली पिन कोड फोडताना वापरून दाखवते.

कुठं थांबायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, निवांत वाचा.

समजा तुम्हाला ९३७ मूळ आहे का बघायचंय. किती संख्यांनी भागून बघायचं? ९३६ पर्यंत? निम्म्यापर्यंत, म्हणजे ४६८ पर्यंत? कितीतरी पोरं निम्म्यापर्यंत म्हणतात आणि ते चूक नाही पण विनाकारण हमाली आहे.

अवयव नेहमी जोडीनं येतात. ३६ चे बघा, १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६, आणि याच्यापुढं ९ × ४, १२ × ३ असं तेच उलटं सुरू होतं. म्हणजे जोडीतला लहान अवयव कधीच ६ च्या वर जात नाही, कारण दोघंही ६ पेक्षा मोठे झाले तर गुणाकार ३६ च्या वर जाईल की. हेच कुठल्याही संख्येला लागू, जोडीतला एक तरी अवयव वर्गमूळाएवढा किंवा त्याच्यापेक्षा लहान असतोच. म्हणून वर्गमूळापर्यंतच तपासायचं, आणि त्यातही फक्त मूळ संख्यांनी. ४, ६, ८, ९ नं बघायचंच नाही, कारण २ नं गेला नाही तर ४ नं जाणारच नाही, ३ नं गेला नाही तर ९ नं जाणार नाही.

वर्गमूळ काढत बसायची पण गरज नाही. पुढच्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या संख्येपेक्षा मोठा झाला की थांबा. ९३७ करून बघू:

२ नं नाही, विषम आहे. ३ नं नाही, बेरीज १९. ५ नं नाही. ७ नं, ९३ − १४ = ७९, नाही. ११ नं, ७ − ३ + ९ = १३, नाही. १३ नं, ९३ + २८ = १२१, नाही. १७ नं, १७ × ५५ = ९३५, बाकी २. १९ नं, १९ × ४९ = ९३१, बाकी ६. २३ नं, २३ × ४० = ९२०, बाकी १७. २९ नं, २९ × ३२ = ९२८, बाकी ९. पुढचा ३१, त्याचा वर्ग ९६१, ९३७ पेक्षा मोठा. थांबा. ९३७ मूळ आहे.

दहा संख्या तपासल्या आणि खात्रीनं उत्तर मिळालं, "वाटतंय मूळ असेल" असं नाही. शाहू महाराजांचं जन्मसाल १८७४, ते २ × ९३७, आता हे उत्तर तुम्ही कुणालाही छातीठोक सांगू शकता.

याच नियमातून एक मजेची गोष्ट निघते. गाडीच्या नंबर प्लेटवरचा शेवटचा नंबर जास्तीत जास्त चार अंकी असतो, ९९९९ पर्यंत. आणि १०० नंतरची पहिली मूळ संख्या १०१, तिचा वर्ग १०२०१. म्हणजे १०० च्या आतल्या त्या २५ मूळ संख्या पाठ असल्या की कोल्हापुरातल्या एमएच ०९ च्या प्रत्येक गाडीचा नंबर तुम्ही फोडू शकता, २६ वी मूळ संख्या लागतच नाही! पोरांना मी हाच सराव देते. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बाबांच्या मागं गाडीवर बसलेले असाल तर समोरच्या गाडीचा नंबर घ्यायचा आणि हिरवा लागेपर्यंत फोडायचा. पहिल्या आठवड्यात निम्मे नंबर अर्धवट राहतात, पण ७ आणि ११ हळूहळू डोळ्यालाच दिसायला लागतात. (गाडी चालवणाऱ्यानं हे करायचं नाही, मागं बसणाऱ्यानंच.)

मोठ्या अवयवांची एक पळवाट

वर्गमूळापर्यंत जायचं म्हटलं तरी कधी कधी अवयव अगदी शेवटी शेवटी सापडतो. २०२१ घ्या. २, ३, ५, ७ करत करत गेलात तर थेट ४३ ला जाऊन जातो, २०२१ = ४३ × ४७, म्हणजे तब्बल १४ वी मूळ संख्या. अशा वेळी आधी जवळचा वर्ग बघायचा. ४५ चा वर्ग २०२५ (शेवटी ५ असेल तर सोपं, ४ × ५ = २० आणि पुढं २५). २०२५ मधून २०२१ गेले, उरले ४, आणि ४ हा २ चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी आली की सूत्र लावा, (४५ − २) × (४५ + २), म्हणजे ४३ × ४७. एका मिनिटाच्या आत.

८९९ म्हणजे ९०० − १, २९ × ३१. ३५९९ म्हणजे ३६०० − १, ५९ × ६१. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही लवकर चालते, सगळीकडं नाही, पण वर्गाच्या जवळची संख्या दिसली की दहा सेकंद हे बघायला काहीच हरकत नाही.

पिन कोड फोडूया

आता मोठी संख्या घेऊ, आपल्या शहरातला पिन ४१६००१. सहा अंकी, बघूनच पोरं मागं सरकतात. वर्गमूळ साधारण ६४५ म्हणजे नियमाप्रमाणं ६४५ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतील, त्या शंभराच्या वर आहेत. पण घाबरू नका, कारण प्रत्येक वेळी अवयव सापडला की संख्या लहान होते आणि थांबायची जागा पण जवळ येते.

शेवटी १ आहे, म्हणजे २ नाही, ५ नाही. बेरीज ४ + १ + ६ + १ = १२, ३ नं जातो. ४१६००१ ÷ ३ = १३८६६७. याची बेरीज ३१, आता ३ नाही. थांबायची जागा ६४५ वरून ३७२ वर आली.

आता १००१ ची ट्रिक. ६६७ − १३८ = ५२९. ५२९ ला ७ नं नाही जात, ११ नं नाही, १३ नं नाही, म्हणजे तिन्ही एका झटक्यात बाद. पण थांबा, ५२९ ओळखीचा वाटतोय का? २३ चा वर्ग. आणि १३८ म्हणजे २३ × ६. आपली संख्या म्हणजे १३८ × १००१ + ५२९, दोन्ही तुकड्यांना २३ नं जातो, म्हणजे अख्ख्या संख्येला २३ नं जाणारच! असं नेहमी घडत नाही, पण वजाबाकीत काय आलं ते नीट बघायची सवय असली की अशा गोष्टी हाताला लागतात. नाहीतर १७ नं बघा, बाकी १५, १९ नं बघा, बाकी ५, मग २३ लागतोच.

१३८६६७ ÷ २३ = ६०२९. आता थांबायची जागा ७७ च्या आसपास आली, ७९ चा वर्ग ६२४१ म्हणजे ७३ पर्यंतच जायचं. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ आधीच बाद झालेत, ते परत तपासायचे नाहीत, जी मूळ संख्या मोठ्या संख्येला गेली नाही ती तिच्या तुकड्याला पण जाणार नाही. २३ परत बघायचा मात्र, कारण तो दोनदा असू शकतो, २३ × २६२ = ६०२६, बाकी ३, नाही. मग २९ ला बाकी २६, ३१ ला १५, ३७ ला ३५, ४१ ला २, ४३ ला ९, ४७ ला १३, ५३ ला ४०, ५९ ला ११, ६१ ला ५१, ६७ ला ६६, ७१ ला ६५, ७३ ला ४३. एकानंही गेला नाही. ६०२९ मूळ आहे.

४१६००१ = ३ × २३ × ६०२९.

हे सगळं कॅल्क्युलेटरशिवाय एका पानात बसतं. तुमच्या भागाचा पिन वेगळा असेल तर तो घ्या आणि असाच करून बघा, कागद जास्त लागेल किंवा कमी लागेल पण पद्धत हीच.

फसव्या संख्या

या वेगळ्या लिहून भिंतीवर लावल्या तरी चालतील, दिसायला मूळ वाटतात पण नाहीत: ११९ (७ × १७), १३३ (७ × १९), १४३ (११ × १३), १६१ (७ × २३), १८७ (११ × १७), २०३ (७ × २९), २०९ (११ × १९), २१७ (७ × ३१), २२१ (१३ × १७), २४७ (१३ × १९), २५३ (११ × २३), २५९ (७ × ३७), २८७ (७ × ४१), २९९ (१३ × २३). नीट बघितलं तर यात ७ चाच हात जास्त आहे, म्हणून म्हटलं की ७ ची कसोटी हातात पाहिजे.

अवयव पाडून करायचं काय

पहिला उपयोग मसावि आणि लसावि. एक हॉल आहे, १३८० सेंटीमीटर लांब आणि ९६० सेंटीमीटर रुंद, त्यात चौरस फरशी बसवायची, एकही फरशी कापायची नाही, तर मोठ्यात मोठी फरशी केवढी?

१३८० = २ × २ × ३ × ५ × २३
९६० = २ × २ × २ × २ × २ × २ × ३ × ५

दोन्हीकडं जे सामाईक ते घ्या, २ दोनदा, ३ एकदा, ५ एकदा, म्हणजे ६०. साठ बाय साठची फरशी, दुकानात जिला दोन बाय दोन म्हणतात ती. लांबीत २३ आणि रुंदीत १६ बसतील, एकूण ३६८. लसावि पाहिजे असेल तर प्रत्येक मूळ संख्या जिथं जास्त वेळा आली तिथली घ्या, २ सहा वेळा, ३, ५ आणि २३, म्हणजे २२०८०. बरोबर आलं का बघायला मसावि गुणिले लसावि करा, ते दोन संख्यांच्या गुणाकाराएवढं यायला पाहिजे, ६० × २२०८० = १३२४८०० आणि १३८० × ९६० पण १३२४८००. परीक्षेत अर्धा मिनिट असेल तर हा ताळा कराच.

दुसरा, एकूण विभाजक किती हे सांगणं. ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा. प्रत्येकात एक मिळवा आणि गुणा, ४ × ३ × २ = २४. का? कारण विभाजक बनवताना २ शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा घेता येतो, म्हणजे चार पर्याय, तसंच ३ चे तीन आणि ५ चे दोन. भरतीच्या पेपरात हा प्रश्न दिसला की लोक सगळे विभाजक लिहायला बसतात आणि एखादा सुटतोच.

तिसरा, पूर्ण वर्ग. यासाठी ६१७४ घेते, कारण ही आपल्या मराठी माणसाची संख्या आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी दाखवलं की कुठलीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तसंच करा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतेच. तिचे अवयव पाडा, ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. आता प्रश्न असा येतो, ६१७४ ला लहानात लहान कोणत्या संख्येनं गुणलं म्हणजे पूर्ण वर्ग मिळेल? पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयवाची जोडी लागलेली पाहिजे. ३ ची लागली, ७ ची एक लागली आणि एक ७ उरला, २ एकटाच. म्हणजे एक २ आणि एक ७ द्या, १४ नं गुणा. ६१७४ × १४ = ८६४३६, आणि ते २९४ चा वर्ग. भागायला विचारलं तरी १४ च, मग ४४१ येतो, २१ चा वर्ग.

शाळेच्या बाहेर पण याचा मोठा उपयोग आहे, तो थोडक्यात सांगते. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणं सोपं पण गुणाकारावरून त्या परत शोधणं भयंकर अवघड, याच अवघडपणावर रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली आरएसए ही गुप्त संदेशाची पद्धत उभी केली, आणि इंटरनेटवर माहिती सुरक्षित पाठवायला ती आजही वापरली जाते. त्यांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ ला फुटली, तीही जगभरातल्या शेकडो लोकांचे कॉम्प्युटर एकत्र लावून. २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली. आता वापरात असतात त्या ६१७ अंकांच्या वगैरे, त्या नेहमीच्या कॉम्प्युटरनं अजून कुणाला फोडता आलेल्या नाहीत.

सरावाला

सोपे: १८८० (राजाराम कॉलेजची स्थापना), १८९४ (शाहू महाराजांचं राज्यारोहण), १९०२ (संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखीव ठेवल्याचा जाहीरनामा), १९२२ (महाराजांचं निधन).

उत्तरं: १८८० = २ × २ × २ × ५ × ४७. १८९४ = २ × ९४७, इथं ९४७ मूळ आहे हे २९ पर्यंत जाऊन स्वतः दाखवा. १९०२ = २ × ३ × ३१७. १९२२ = २ × ३१ × ३१, इथं ९६१ ला बरेच जण मूळ म्हणून मोकळे होतात, पुढच्या मूळ संख्येचा वर्ग "मोठा" झाला की थांबायचं, "तेवढाच" असला तर ती तपासायची.

अवघड: ८६३३, ९९९१, ९९७३.

८६३३ ला ९३ चा वर्ग ८६४९ जवळ आहे, फरक १६, म्हणून ८९ × ९७. ९९९१ म्हणजे १०००० − ९, ९७ × १०३, वर्गाची पळवाट सुचली नाही तर २५ च्या २५ मूळ संख्या तपासून अगदी शेवटच्या ९७ ला सापडते. आणि ९९७३ ला पंचवीसपैकी एकीनंही भाग जात नाही, ती चार अंकी मूळ संख्यांमधली सगळ्यात मोठी. ही तिसरी पूर्ण लिहून काढा, प्रत्येक भागाकाराची बाकी शेजारी मांडून, साधारण वीस मिनिटं लागतील.